गोधडीच्या साहित्याची खरेदी : दर आणि दर्जा

उत्तरेस सातपुड्याची रांग आणि दक्षिणेस तापी नदी यांच्या दरम्यान वसलेला चोपडा तालुका त्याच्या उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध आहे. पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला तरी येथील माणसास त्याचे नवल वाटत नाही. तथापि याच भागात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तपमान दहा अंशांच्याही खाली उतरते, आणि मग घरोघरी कोनाड्यातील किंवा पेटीवरील गोधड्यांची चळत खाली येते. पश्चिम महाराष्ट्रात जिला वाकळ म्हणतात ती ही गोधडी. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक पसरून, धावदोऱ्याने कडेकडून मध्याकडे शिवत नेलेली ही वस्तू कालपरवापर्यंत बाजाराची वस्तू नव्हतीच. तिला लागणारे कापड घरातले, श्रम घरातले; विकत घ्यायचा तो काय सुई-दोरा. बंगालमधील कांथ्यात तर दोराही जुन्या साडीच्या काठातूनच काढून घेतला जाई.

आता ही स्थिती पालटली आहे. नऊवारी सुती लुगडे नित्याच्या वापरातून गेले आणि त्याच्या जागी कृत्रिम धाग्याची साडी आली. ही साडी लवकर जीर्ण होत नाही हा तिचा गुण, आणि घाम शोषून घेत नाही, सुईखालून निसटते व ठिणगी पडली तर वितळते हे तिचे दोष. परिणामी गोधडीसाठी योग्य असे जुने सुती कापड घरात उरले नाही. दुसऱ्या बाजूने, गोधडीस शहरात मागणी निर्माण झाली. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांतून बचत गटांच्या भगिनींची उत्पादने मुंबईच्या ग्राहकांपर्यंत पोहोचू लागली. थोडक्यात, जे काम पूर्वी उरल्यासुरल्यातून होत असे, ते आता विकत घेतलेल्या मालावर आणि पुष्कळदा कर्जाऊ पैशावर चालते. म्हणूनच कोणते साहित्य कोणत्या दराने घ्यावे हा प्रश्न चोपड्यासारख्या तालुक्यातील गटांपुढे नव्याने उभा राहिला आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांना या बाबतीत वारंवार सल्ला विचारण्यात येतो, आणि काही प्रसंगी खरेदीही त्यांच्याच सहीने होते.

पैसा कोठे जातो?

स्वस्त की चांगले, असा प्रश्न सामान्यतः एकेका वस्तूपुरता विचारला जातो. तो संपूर्ण गोधडीच्या हिशेबात विचारला तर उत्तर वेगळे येते. साडेचार फूट रुंद व साडेसहा फूट लांब अशी एक गोधडी घेऊ. पुढील आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी धरले असून प्रत्येक गटाने आपल्या बाजारातील दर घालून तो पुन्हा करून पाहावा. वरच्या व खालच्या अशा दोन्ही बाजूंचे नवे कापड ३८० रुपये, आतल्या थरांसाठी विकत घेतलेली जुनी लुगडी व चादरी १५० रुपये, दोरा ६० रुपये आणि सुया-खडू वगैरे १० रुपये, असा एकूण माल ६०० रुपयांचा झाला. गोधडी १,८०० रुपयांना विकली गेली आणि ती शिवण्यास दहा दिवस लागले, तर भगिनीस दिवसास १२० रुपये पडले. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनिक मजुरी ३१२ रुपये ठरविण्यात आली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

या हिशेबात सर्वांत मोठी बाब दिसते ती मालाची नसून श्रमाची आहे, आणि सर्वांत लहान बाबींपैकी एक दोऱ्याची आहे. असे असूनही काटकसर करावयाची ठरली की पहिला हात दोऱ्यावर पडतो, कारण दुकानात तो समोर असतो आणि त्याचे स्वस्त व महाग असे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी मांडलेले असतात. हलका दोरा घेऊन गोधडीमागे २५ रुपये वाचले असे समजा; दहा गोधड्यांत २५० रुपये वाचले. त्या दहांतील एकीचा दोरा पहिल्याच धुण्यात सुटला आणि ती निम्म्या किमतीस द्यावी लागली, तर ९०० रुपये गेले. शिवाय ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, ही गोष्ट कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. वरचे कापड विरले तर त्यावर ठिगळ लावता येते, आणि ठिगळ हे तर गोधडीचे भूषणच. परंतु दोऱ्याने दगा दिला की थर आपापल्या जागी राहत नाहीत आणि गोधडीचे पुन्हा चिंध्यांचे गाठोडे होते.

तेव्हा बचत करू नये असे नाही. ती योग्य ठिकाणी करावी इतकेच. अशी ठिकाणे पुढे येतीलच.

दोरा आणि सुई

अर्ध्या इंचाच्या अंतराने ओळी घातल्या, तर वरील मापाच्या गोधडीत शिवणीची एकूण लांबी २१४ मीटरच्या आसपास भरते. टाका वर-खाली जाताना जाडीत जो दोरा जातो तो धरून सुमारे २५० मीटर दोरा लागतो. यावरून कोन किती गोधड्यांस पुरेल हे काढता येते. दुकानात मात्र दोऱ्याचा कोन डोळ्यांनी मापला जातो. आतील पुठ्ठ्याची नळी जाड असली की थोडा दोराही भरगच्च दिसतो. म्हणून वेष्टनावर मीटरमध्ये लिहिलेली लांबी पाहावी आणि किमतीस तिने भागावे. आवेष्टित वस्तूवर निव्वळ परिमाण, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादकाचे नाव व पत्ता छापणे हे वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ज्या कोनावर यांपैकी काहीच नाही तो कितीही स्वस्त असला तरी त्याचा दर काढताच येत नाही, मग त्याला स्वस्त म्हणावे तरी कसे?

दोऱ्याची परीक्षा घरच्या घरी होते. एक हात लांब दोरा घेऊन दोन बोटांच्या चिमटीतून ओढावा; गाठी, फुगीर जागा आणि एकदम बारीक झालेल्या जागा बोटास कळतात. तुटावयाचा तो अशाच बारीक जागी. नंतर दोरा ओला करून पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळून घट्ट दाबावा व फडके रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी फडक्यावर रंग उतरला असेल तर तो दोरा पांढऱ्या अथवा फिक्या गोधडीस वापरू नये. लाल आणि काळा या रंगांविषयी विशेष सावध असावे. सुती दोरा की कृत्रिम धाग्याचा, याविषयी मतभेद आहेत. कृत्रिम दोरा अधिक बळकट व बहुधा स्वस्तही असतो. तथापि मऊ, जुन्या लुगड्यांच्या गोधडीस सुती दोराच बरा असे आमचे मत आहे. ताण आला तर कापड फाटण्याऐवजी दोरा तुटावा, कारण टाका पुन्हा घालता येतो.

आकड्यांच्या बाबतीत मात्र मोठा घोटाळा आहे आणि त्यापायी पैसा वाया जातो. दोऱ्याचा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. म्हणजे चाळीस नंबरापेक्षा वीस नंबर जाड. हातसुईचेही तसेच, मोठा आकडा म्हणजे बारीक सुई. परंतु मशीनच्या सुईचे बरोबर उलटे आहे : चौदापेक्षा सोळा जाड व सोळापेक्षा अठरा जाड. गटाच्या वतीने एकीने जाऊन ‘मोठ्या नंबरची सुई’ आणावी आणि ती कोणाच्याच उपयोगी पडू नये, हे सहज घडते. नंबर कागदावर लिहून न्यावा व जुन्या सुईचा नमुनाही बरोबर ठेवावा.

सुई ही इतकी अल्प किमतीची वस्तू आहे की तिच्यात काटकसर करणे केवळ सवयीने होते. मशीनची सुई तुटेपर्यंत वापरण्याचा प्रघात सर्वत्र आहे. वस्तुतः सात-आठ तासांच्या सलग शिवणीनंतर तिचे टोक बोथट होऊ लागते. बोथट सुई धागे दूर सारण्याऐवजी तोडते, टाके गाळते आणि दोषाचे खापर मशीनवर फुटते. सुई सरळ आहे की नाही हे काचेच्या तुकड्यावर ती घरंगळवून कळते. पावसाळ्यात सुयांना गंज चढतो. म्हणून त्या कोरड्या लोकरीच्या बोंडात टोचून, झाकणाच्या डबीत ठेवाव्यात.

कापड : मीटरवर जाऊ नये

बचतीची सर्वांत मोठी संधी कापडात आहे आणि तिचे नाव पन्हा. समजा, छत्तीस इंच पन्ह्याचे कापड मीटरला ६० रुपये आणि अठ्ठावन्न इंच पन्ह्याचे ९० रुपये आहे. ऐकताना पहिले स्वस्त वाटते. आपली गोधडी चौपन्न इंच रुंद आहे. अठ्ठावन्न इंची कापडाचे २.१ मीटर घेतले की एक बाजू सांध्याशिवाय पुरी होते. खर्च १८९ रुपये. छत्तीस इंची कापडाचे मात्र दोन पट्टे जोडावे लागतात, ४.२ मीटर कापडास २५२ रुपये पडतात, मधोमध जोड येतो आणि एक अर्धवट पट्टी उरते. दोन्ही बाजू मिळून फरक १२६ रुपयांचा झाला. दोऱ्यात २५ रुपये वाचविण्यासाठी गोधडी धोक्यात घालणाऱ्याने येथे त्याच्या पाचपट रक्कम नकळत सोडून दिली. उरलेल्या पट्टीचा दुसऱ्या गोधडीत उपयोग होतो हे खरे, पण त्यासाठी ती जपून ठेवण्याची शिस्त हवी.

दुसरी बाब खळीची. हलक्या विणीच्या कापडास भरपूर खळ देऊन ते कडक व दाट भासविण्यात येते. दोन्ही हातांनी चोळल्यास पांढरी भुकटी पडते आणि उजेडासमोर धरल्यास चोळलेली जागा विरळ दिसते. अशा कापडाचा दाटपणा पहिल्या धुण्याबरोबर वाहून जातो. तिसरी बाब आटण्याची. पुष्कळ कापड एकदम घेण्यापूर्वी वीस इंच चौरस तुकडा आणून, गरम पाण्यात धुवून, वाळवून मोजावा. तो एकोणीस इंच भरला तर कापड शंभरास पाच या प्रमाणात आटते, म्हणजे साडेसहा फुटांच्या गोधडीत सुमारे चार इंच गेले. वरचे कापड आटणारे आणि खालचे न आटणारे असे झाले की गोधडीस सुरकुत्या पडून ती वाकडी होते. यास उपाय फुकटचा आहे : सर्व नवे कापड शिवण्यापूर्वी धुवून घ्यावे.

सुरतेहून येणारा, किलोवर विकला जाणारा तुकडामाल अनेकांस मोहात पाडतो. किलोस बारीक कृत्रिम कापड पुष्कळ भरते, म्हणून तो स्वस्त वाटतो. एक किलो माल आणून त्यातील वापरण्याजोगे तुकडे वेगळे काढून तोलावेत आणि मग दर काढावा. कोणता तुकडा सुती हे ओळखण्यासाठी त्याचे दोन-चार धागे काढून, चिमट्यात धरून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ राखाडी राख उरते. कृत्रिम धागा आकसून वितळतो व काळा, कडक मणी बनतो. गोधडी चुलीजवळ व लहान मुलांच्या अंगावर असते, तेव्हा ही परीक्षा वाटते तितकी क्षुल्लक नाही.

आत भरावयाच्या मालाविषयी थोडक्यात सांगता येईल. कापूस पिकविणाऱ्या आणि सरकी काढणाऱ्या तालुक्यात कृत्रिम तंतूची गादी विकत आणावी लागावी यात विसंगती आहे खरी, पण सुती रुई धुतल्यावर गोळा होते व तिला दाट शिवण लागते. पारंपरिक गोधडीस कापडाचेच थर असतात व तेच उत्तम. ज्यांना हलकी दुलई विकावयाची आहे त्यांनी तयार थर घेताना दर चौरस मीटरचे वजन विचारावे. जाडी फसवी असते, वजन नसते.

हत्यारे

कात्रीच्या बाबतीत मेरठचे नाव जुने आहे. तेथील कात्रीस २०१३ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. अशा घडीव कात्रीचे वैशिष्ट्य हे की तिचा स्क्रू काढता येतो, पाते धार लावण्यासाठी वेगळे होते आणि ती वर्षानुवर्षे चालते. पत्र्यातून छापून काढलेली, रिबिट मारलेली कात्री निम्म्या दरात मिळते व धार गेली की टाकून द्यावी लागते. गटाने एक चांगली कात्री घ्यावी आणि तिने कागद कापू नये, एवढा एकच नियम करावा. मेजपट्टी मात्र स्वस्तातली चालते. फक्त ती पोलादी पट्टीशी पडताळून घ्यावी, कारण प्लॅस्टिकची पट्टी ताणली जाऊन मापे चुकतात. अंगुस्तान दोन-तीन मापांचे ठेवावे.

हत्यारांच्या यादीत सहसा न लिहिली जाणारी एक वस्तू म्हणजे चष्मा. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवणे कठीण होते, टाका लांब पडतो आणि वेग मंदावतो. मात्र कारण वयाचे सांगून विषय संपविला जातो. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळिशीवरील मजुरांवर एक प्रयोग करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. जवळचे पाहण्याचा साधा चष्मा दिलेल्या मजुरांची पानखुडणी, तो न दिलेल्यांच्या तुलनेत शेकडा २१ हून अधिक वाढली. सुईकाम तर पानखुडणीहूनही बारीक. गटाच्या बैठकीस लागून तालुक्याच्या शासकीय रुग्णालयातील नेत्रतपासणीचा दिवस ठरविला, तर नव्या मशीनच्या मागणीपूर्वी हा खर्च करावा असे पुष्कळांस पटेल.

मशीनमध्ये डोके, स्टँड आणि दुरुस्ती या तीन गोष्टी पाहावयाच्या. साधे, सरळ टाक्याचे काळे मशीन अद्यापही खेड्यासाठी सर्वांत सोयीचे आहे, कारण त्याचे बॉबिन, शटल व पट्टा कोठेही मिळतात आणि मिस्त्री ते डोळे मिटून खोलतो. पत्र्याचा स्टँड जाड गोधडी ओढताना हलतो. बिडाचा हलत नाही. दुकानात मशीन चालवून पाहताना दुकानदाराने दिलेली पातळ चिंधी न वापरता आपल्या गोधडीचे पाच-सहा थर बरोबर न्यावेत. ते पायाखाली जात नसतील तर त्या मशीनची बाकीची वैशिष्ट्ये ऐकण्यात अर्थ नाही. जुने मशीन घेण्यास हरकत नाही; हातचाक हलवून सुई ढिली डुलते काय ते पाहावे. मोटारीचे मशीन घ्यावयाचे तर सर्वो मोटार घ्यावी : जुनी क्लच मोटार शिवण थांबली तरी फिरत व वीज खात राहते. तथापि वीज जाणाऱ्या गावात पायमशीनची सोय काढून टाकू नये.

सार्वजनिक पैशाने खरेदी

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचे असतात आणि या निधीतून शिलाई यंत्रे देण्याची प्रथा रूढ आहे. अशा खरेदीसाठी दरपत्रके मागविताना ‘शिलाई मशीन, नग १०’ एवढेच लिहिले, तर किमान दराचा नियम सर्वांत हलक्या मशीनच्या बाजूने निकाल देतो, आणि त्यात नियमाचा दोष नसतो. किमान दर हा सारख्या वस्तूंच्या तुलनेपुरताच अर्थपूर्ण आहे. म्हणून मागणीपत्रातच स्टँड बिडाचा, भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, हमीचा कालावधी, तालुक्यात दुरुस्तीची व्यवस्था, आणि सोबत एक जादा पट्टा, चार बॉबिन व सोळा-अठरा नंबरच्या सुया, असे स्पष्ट नमूद करावे. एक मशीन नमुना म्हणून आधी मागवून, गावातील शिवणकाम जाणणाऱ्या दोघी-तिघींनी ते चालवून पाहिल्यावरच उरलेल्यांची मागणी नोंदवावी. त्यांचा अभिप्राय तुलनात्मक तक्त्यास जोडण्यास कोणताही अडसर नाही.

५ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने अनेक योजनांत वस्तूऐवजी रक्कम थेट लाभार्थींच्या बँक खात्यात देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. त्यामुळे निवड खरेदी समितीकडून त्या भगिनीच्या हाती आली, ही स्वागतार्ह गोष्ट होय; परंतु खरेदीची माहिती तिच्याकडे आपोआप आली नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून प्रशिक्षणाच्या आरंभी हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. ही पडताळणी करतानाच सरपंचांनी किंवा शाळेतील शिक्षकांनी अर्जदाराबरोबर बसून यादी करावी : किती रक्कम मशीनला, किती कात्री-सुयांना. संपूर्ण रक्कम मशीनवर खर्च करून मग दोऱ्यासाठी उसने मागण्याची पाळी येऊ नये.

गटांच्या बाबतीत एकत्र खरेदी हाच दर उतरविण्याचा सरळ मार्ग आहे. उमेद अभियानाच्या रचनेत गटांचे ग्रामसंघ व त्यांवर प्रभागसंघ आहेत. पाच गटांनी मिळून दोऱ्याचे मोठे कोन व कापडाचे पूर्ण ताके घेतले, तर जळगावच्या फुले मार्केटमध्ये घाऊक भाव मागता येतो. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनच्या बसमध्ये महिलांना निम्मे भाडे झाले, त्यामुळे प्रवास सुकर झाला. तरी गेलेला दिवस हिशेबात धरावा. सहा महिन्यांतून दोन फेऱ्या पुरतात. खरेदीस दोघींनी जावे, एकीने भाव करावा व दुसरीने माल तपासावा. भाव करण्याच्या भरात माल पाहण्याचे राहून जाते, हा सर्वांचाच अनुभव आहे.

पावती प्रत्येक वेळी घ्यावी आणि तिच्यावर मालाचे वर्णन नंबर व मापासह लिहून घ्यावे. ‘दोरा – १ पेटी’ अशा पावतीवर तक्रार करता येत नाही. ‘सुती दोरा, वीस नंबर, ५०० मीटर, २४ कोन’ अशा पावतीवर येते. माल कमी भरल्यास वैधमापनशास्त्र यंत्रणेकडे आणि दोष आढळल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर दाद मागता येते. पावतीसोबत त्या दोऱ्याचा हातभर तुकडा व कापडाची चार बोटे रुंद चिंधी टाचून वहीत लावली, म्हणजे पुढील खरेदीच्या वेळी तोच माल मागता येतो, आणि एक पावसाळा उलटल्यावर कोणता रंग टिकला हेही त्याच वहीत दिसते.